न धुतलेल्या शेंगा

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते माझ्या वहिनीचे. आईवडिलांचे आहेतच, शाळेतल्या गुरुजींचेही आहेत, पण आज मी जो कोणी आहे तो वहिनीमुळे. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण अलीकडेच पेणला एका समारंभात मला याच्या अगदी उलट ऐकून घ्यावं लागलं.

आमच्या भागातून शिकून बाहेरगावी नोकरीला लागलेल्या लोकांचा सत्कार होता. शाल, नारळ आणि पापडांचा पुडा. एक वक्ते माइकसमोर आले आणि म्हणाले, "या डोंगरांनी दगड दिला म्हणून आपल्या पोरांच्या हातात पाटी आली. खदानी नसत्या, क्रशर नसते, तर आज या खुर्च्यांवर कोणीच बसलेलं दिसलं नसतं." टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो, शाल मांडीवर. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. बोलायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून आता लिहितो आहे. मी दगडावर शिकलो नाही. मी शिकलो ते दगडाशी भांडलेल्या एका बाईमुळे.

आमचं गाव पेण-रोहा रेल्वेवरच्या कासू स्टेशनच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. पावसाळ्यात भात, आणि भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल. वालाला वरून पाणी द्यावं लागत नाही. जमिनीत उरलेली ओल आणि पहाटे पडणारं दव, एवढ्यावर तो वाढतो. ऐन थंडीत पायथ्याची सगळी शेतं वालाच्या फुलांनी भरलेली असायची.

वहिनी या मातीतली नव्हती. ती खाडीकडची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा मी गावच्या शाळेत होतो, चड्डीला करगोटा बांधून जायचो. तिकडच्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो आणि 'मला'चं 'मना', तेवढ्यावरून आळीतल्या बायका तिला हसायच्या. शेजारची काकी विहिरीवर सगळ्यांदेखत विचारायची, "काय गो, तुमच्याकडं मीठ पेरतात म्हणे? उगवतं काय?"

वहिनी कळशी कमरेवर घेत म्हणायची, "उगवतं ना काकी. नायतर तुमच्या आमटीत काय पडलं असतं?"

पहिल्या थंडीत तिने एक वेडेपणा केला. वालाची रोपं कोमेजल्यासारखी वाटली म्हणून विहिरीचं पाणी कळशीने नेऊन शेतात घालायला लागली. आई धावत गेली. "अगो, त्याला पाणी लागत नाय!"

"मंग जगतो कशावर?"

"दवावर."

वहिनीला ते खरंच वाटेना. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती शेतात गेली आणि ओल्या पानांवर तळहात फिरवून आली. चुलीपाशी येऊन तिने तो हात मला दाखवला. "तुमी बगा भावजी, आमच्याकडं सगलं पानी खारं, मागाल तितकं. आनि हा कोनाकडं काय मागतच नाय. किती मानी असंल!" त्या दिवसापासून डोंगराकडच्या त्या शेतावर तिचा जीव जडला. आम्ही तिथेच वाढलो म्हणून आम्हाला ते नुसतं शेत होतं. ती बाहेरून आली होती, म्हणून तिला ते दिसलं.

तिच्या बोलण्यातला 'तुमी' लक्षात आला असेल. मी तिच्यापुढे एवढासा पोर, पण मी तिच्या नवऱ्याचा भाऊ, म्हणून ती मला 'भावजी' आणि 'तुमी'च म्हणायची. शाळेत मास्तर 'ए' म्हणत, घरात सगळे 'अरे' म्हणत. मला पहिल्यांदा माणूस म्हणून हाक मारली ती वहिनीने. ती स्वतः चौथी शिकलेली. माझी पुस्तकं संध्याकाळी हातात घेऊन, ओळीखाली बोट ठेवून वाचायची आणि अडलं की मलाच विचारायची. मला शिकवणं जमतं हे मला तिथेच कळलं असावं.

वडील लवकर गेले. दादाने सातवीत शाळा सोडली. आधी तो रोह्याजवळ धाटावला एका रासायनिक कंपनीत ठेकेदाराकडे होता. घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना असा वास यायचा की आई ते कपडे वेगळे भिजत घालायची. मग रेल्वे रोह्याच्या पुढे कोकणात जायची ठरली, रुळांखाली घालायला खडी हवी झाली, आणि आमच्याच डोंगरावर खदान आली. पायथ्याला दगड फोडणारा क्रशर उभा राहिला. दादा डंपर चालवायला शिकला आणि क्रशरवर लागला. घरापासून जवळ, पगार बरा, वास नाही. आम्ही सगळे खूश झालो. त्या आनंदात वहिनीही होती, हे सांगितलं पाहिजे. तिने क्रशरच्या शेठला घरी बोलावून वालाचं बिरडं जेवू घातलं होतं.

मी तेव्हा पेणच्या कॉलेजात जायला लागलो होतो. सकाळी एस.टी.ने जायचं, रामवाडीला उतरायचं, चालत कॉलेज गाठायचं. दादाच्या पगारातून फी जायची. यावर बोट ठेवून कोणी म्हणेल, मग तो वक्ता काय चुकीचं बोलला? थांबा. पुढचं ऐका.

क्रशर सुरू झाल्यावर आलेल्या पहिल्याच थंडीत वालाच्या पानांचा रंग बदलला. दगडाची भुकटी दिवसभर उडायची आणि पहाटेच्या दवात कालवली जायची. ऊन वर आलं की पानावर तिचा पापुद्रा धरायचा, एखाद्या भिंतीला गिलावा करावा तसा. ज्या दवावर वाल जगायचा तेच दव त्याच्या नरड्याला लागलं. फुलं गळली. ज्या शेंगा धरल्या त्या पोचट. खदानीत सुरुंग लावायच्या आधी भोंगा वाजायचा, तो वाजला की वहिनी शेतातून मान वर करून डोंगराकडे बघत राहायची.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं, तेव्हा पायथ्याच्या शेतकऱ्यांनी पेणच्या तहसील कचेरीत अर्ज दिला. तो अर्ज मी लिहिला. गावातला कॉलेजात जाणारा मी एकटाच होतो. अर्जावर दादाने सही केली नाही. क्रशरवर काम करणारा माणूस क्रशरविरुद्ध सही कशी करणार? त्याच्याऐवजी वहिनीने केली, एकेक अक्षर जोडून.

पंचनाम्याला साहेब येणार असा निरोप आला, आणि इथे आमच्या माणसांनी जी चूक केली ती आमच्याच माणसांनी करावी.

थंडीत आमच्याकडे कोणी मोठा माणूस आला की पोपटी लागलीच पाहिजे. मातीच्या मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, वर परत पाला. मडकं शेतातच उपडं मांडून भोवती पेंढा आणि शेणी रचून पेटवायचं. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. पाल्याच्या वासातच शेंगा शिजतात. तर साहेब येणार म्हटल्यावर कोणी काही ठरवायच्या आत पोपटीची तयारी झाली. आणि पाहुण्याला वाईट शेंग कशी घालायची? वहिनी भल्या सकाळी उठली. शेताच्या पार खालच्या कोपऱ्यात, आंब्याच्या आडोशाला जिथे भुकटी कमी पोचायची, तिथल्या टपोऱ्या शेंगा तिने निवडून काढल्या. विहिरीवर नेऊन चोळून चोळून धुतल्या. काकीने धुतल्या, आईने धुतल्या. मी स्वतः कोरड्या पंच्यावर त्या पसरल्या. कोणाच्याही मनात आलं नाही की आपण काय धुतो आहोत.

साहेब जीपमधून आले. क्रशरचा मॅनेजरही त्यांच्याबरोबर आला. तोही पाहुणाच, त्यालाही पत्रावळ मांडली. साहेबांनी एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, आणि डोळे मिटले.

"अहो, काय चव आहे! असा वाल मी आजवर खाल्ला नाही."

आई पदराआडून हसली. काकी म्हणाली, "घ्या ना सायेब, आनखी घ्या. लाजू नका."

मॅनेजरने मूठभर उचलल्या. "साहेब, दाणा बघा कसा भरलाय. हे बुडालेलं पीक असेल, तर आमच्याही गावाला बुडू दे."

सगळे हसले. आम्हीसुद्धा हसलो. मी साहेबांना वरच्या बाजूची शेतं दाखवायला नेतो म्हणालो, पण ऊन झालं होतं, पोट भरलं होतं, आणि जीपवाला घड्याळ बघत होता. साहेबांनी बांधावरूनच मान फिरवून पाहिलं. पंचनाम्यात शेरा पडला, पीक समाधानकारक.

त्यानंतर गावात आमची थट्टा सुरू झाली. पारावर बसलेले म्हणायचे, "पंचनामा कसा झाला? मीठ बरोबर होतं ना?" वहिनी हे ऐकून घरात यायची, भाताचं सूप घ्यायची आणि पाखडत बसायची. एकदा तिने सूप खाली ठेवलं आणि मला विचारलं, "भावजी, त्या शेंगा मीच धुतल्या ना?"

"सगळ्यांनी धुतल्या."

"नाय. येचल्या मीच."

त्या आठवड्यात शेठने दादाला ऑफिसात बोलावून घेतलं. दादा घरी आला तो उंबऱ्यावरच बसला. शेठचं म्हणणं असं होतं की अर्ज मागे घ्या, साहेबांचा शेरा आलाच आहे, उगाच वाकडं कशाला. आणि धाकट्याची परीक्षा झाली की त्याला क्रशरच्या ऑफिसात घेऊ. अर्ज मागे घेतला नाही, तर डंपरला दुसरा माणूस तयार आहे.

"घर खडीवर चाललंय," दादा म्हणाला. "वालावर नाय."

"व्हय," वहिनी म्हणाली. "आनि खडी संपली की?"

"संपेल तेव्हा बघू."

"तवा बघायला काय राहील? डोंगर जाईल, खडी जाईल, शेठ जाईल. शेत तेवढं इथं असंल, मेलेलं."

"तुला काय कळतं गो? खाडीतून आलीस न् आम्हाला शेत शिकवतेस?"

मला वाटलं, आता मध्ये पडावं. मी म्हणालो, मी कॉलेज सोडतो, आत्ताच ऑफिसात लागतो, म्हणजे दादावर भार नको आणि भांडण नको. शेवटचं वर्ष पुढे केव्हातरी करता येईल.

वहिनी माझ्याकडे वळली. आजवर तिने मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली.

"कॉलेज सोडलंस तर या घरात माझ्या हातचं जेवायचं नाय. कललं? तू त्यांच्या हापिसात बसून आमच्याच शेतावरच्या धुलीचा हिशोब लिवनार? त्याच्यासाठी वाचायला शिकलास?"

दादा उठून बाहेर गेला. आईने चुलीत लाकूड सारलं. मी कॉलेज सोडलं नाही.

आणि वहिनीने काय केलं, तर बाजाराच्या दिवशी पायथ्याच्या बायका गोळा केल्या, मडकं घेतलं, भांबुर्डीचा पाला घेतला, पेंढ्याची गुंडी डोक्यावर घेतली, आणि त्या सगळ्या एस.टी.त बसल्या. कंडक्टर म्हणाला, "हे काय, लग्नाला चाललात काय?" काकीने सांगितलं, "लग्न झालं. आता पाचपरतवनाचं जेवन हाय." या वेळी शेंगा वरच्या शेतातल्या होत्या, क्रशरच्या तोंडाशी असलेल्या. करड्या, पोचट, भुकटीने माखलेल्या. त्या कोणी धुतल्या नव्हत्या. मी त्या दिवशी कॉलेजात होतो. मधल्या सुट्टीत कोणीतरी सांगत आलं की तुझ्या गावच्या बायकांनी तहसील कचेरीच्या आवारात जाळ केलाय. मी धावत गेलो.

आवाराच्या कोपऱ्यात, मोकळ्या मातीवर मडकं उपडं मांडलेलं आणि पेंढा पेटलेला. शिपाई नुसता हात हलवत होता.

"अहो बाई, इथं जाळपोळ करता येत नाही!"

"जालपोल नाय दादा," वहिनी म्हणाली. "पाहुनचार हाय. सायबाला वाल आवडतो."

"मडकं फुटलं तर?"

"फुटलं तर माझं फुटंल. तुमच्या खात्याचं हाय काय?" काकी म्हणाली, आणि रांगेत उभे असलेले लोक हसले. भांबुर्डीचा आणि ओव्याचा वास खिडक्यांतून आत गेला. कारकून व्हरांड्यात आले. सातबाऱ्याला आलेले लोक कागद विसरून भोवती जमले. वहिनीने मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र आवाज झाला, म्हणजे शिजलं. तेवढ्यात साहेब बाहेर आले. त्यांनी वहिनीला ओळखलं.

"हे काय चाललंय?"

वहिनीने पत्रावळीवर शेंगा काढल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या.

"सायेब, त्या दिवशी तुमी पाव्हने होतात. आज तुमी कामावर हायत. आज खावा."

साहेब माणूस वाईट नव्हते. ते चिडतील असं मला वाटलं होतं, पण ते खाली बसले आणि एक शेंग उचलली. त्यांची बोटं करडी झाली. शेंग उघडली, तर आत दाण्याच्या जागी चपटं साल. दुसरी उघडली. तिसरी उघडली. तोंडात त्यांनी काहीच टाकलं नाही. मग शिपायाला म्हणाले, "पाणी आण रे, हात धुतो."

"हात धुवू नका सायेब," वहिनी म्हणाली. "आधी लिवा, मंग धुवा."

आवारात कोणी हसलं नाही. साहेबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग ते तसेच आत गेले. त्यांनी फेरपंचनाम्याचा हुकूम लिहिला, आणि त्या कागदाच्या कडेला त्यांच्या अंगठ्याची करडी खूण उमटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

ते पुन्हा गावात आले तेव्हा वरच्या बांधापासून खालच्या बांधापर्यंत पायी फिरले. बायकांनी ठरवलं होतं, या वेळी काहीही द्यायचं नाही, चहासुद्धा नाही. हे आमच्या लोकांना किती जड गेलं ते बाहेरच्याला कळणार नाही. माझी आई दाराआड जाऊन बसली, कारण दारात आलेल्या माणसाला रिकाम्या तोंडाने जाताना तिला बघवेना. शेवटी वहिनीच म्हणाली, "पानी द्या. पान्याला कोन नाय म्हनतं? पन शेंग नको."

हुकूम निघाला. वालाची पेरणी झाल्यापासून काढणी होईपर्यंत पायथ्याचा क्रशर बंद. पुढे तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला हलवला गेला. डोंगर वाचला असं मी म्हणणार नाही. त्याची एक बाजू आज सुरीने कापल्यासारखी उभी आहे, रोह्याच्या गाडीतून कोणालाही दिसेल. पण शेत वाचलं.

हुकूम आला त्याच दिवशी दादाची नोकरी गेली.

मला त्या समारंभातल्या माणसाला हे सांगायचं होतं. माझी पहिली दोन वर्षं क्रशरच्या पगारावर झाली, खरं आहे. पण तो पगार शेठने दान दिला नव्हता. माझा भाऊ धुळीत बसून डंपर चालवत होता, त्याचा तो घाम होता. आणि ज्या दिवशी त्या पगाराने आमचं तोंड बंद करायला पाहिलं, त्या दिवशी आम्ही त्यावर पाणी सोडलं. माझं शेवटचं वर्ष वहिनीने काढलं. ती धाटावच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागली. सकाळच्या शिफ्टला जायची, कासूहून रोह्याची गाडी पकडून, आणि दुपारी परत आली की शेतात. तिच्या हातांना कांद्याचा आणि कपड्यांना त्या कंपनीचा, दादाच्या कपड्यांना यायचा तसाच वास यायचा. आई पुन्हा कपडे वेगळे भिजवायला लागली.

दादा तिच्याशी बरेच दिवस नीट बोलला नाही. तिने वाढलेलं जेवायचा, पण मान खाली घालून. मिळेल त्या बिगारीला जायचा. पुढची थंडी आली, भुकटीशिवायची पहिली. वाल असा फुलला की येणारे-जाणारे बांधावर थांबायचे. एका संध्याकाळी दादा कामावरून आला तो खांद्यावर भांबुर्डीच्या पाल्याचा भारा घेऊन. अंगणात टाकला आणि वहिनीकडे न बघताच म्हणाला, "मडकं हाय ना घरात?"

"हाय," वहिनी म्हणाली. एवढंच बोलणं झालं. पण आम्ही सगळे शेतात गेलो.

मी पास झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. पेढे घेऊन घरी गेलो तेव्हा वहिनी शेणी थापत होती. हात तसेच बाजूला धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुमाला सायेब म्हनायचं काय, भावजी?" माझा 'तुमी' मला परत मिळाला होता. पेढा मी तिच्या तोंडात भरवला, कारण तिचे हात शेणाचे होते.

नंतर मी शिक्षक झालो, दूरच्या जिल्ह्यात स्थायिक झालो. आई गेली. दादा थकला. आणि आता डोंगराकडच्या त्या शेतावर पुन्हा डोळा आहे. पलीकडच्या खदानीला रस्त्याकडे यायला सरळ वाट हवी आहे, ती आमच्या शेतातून जाते. जमिनीवर दादाचं आणि माझं, दोघांचं नाव आहे. दादा सही करायला तयार झाला आहे. मी त्याला दोष देत नाही, त्याचे गुडघे गेले आहेत. सत्काराच्या दिवशी, शाल अंगावर असतानाच, तिथल्या एका पुढाऱ्याने मला बाजूला घेतलं. "तुम्ही शिकलेले. तुम्हाला समजावायला नको. तुम्ही कुठे येऊन वाल लावणार आहात?"

मी वहिनीला फोन केला. विचारलं, तुझं काय म्हणणं आहे? ती म्हणाली, "नाव तुमचं दोघांचं हाय, भावजी. माझं कुठं हाय? मी काय सांगू?"

पस्तीसेक वर्षं त्या शेतात वाकलेली बाई मला म्हणते, माझं नाव कुठं आहे. त्या रात्री मला झोप आली नाही असं काही झालं नाही. मी शांत झोपलो, कारण काय करायचं ते ठरलं होतं. फोनवर बोललेलं हवेत जातं, ते लोक घरी येतील तेव्हा त्यांना दाखवायला तिच्या हातात काहीतरी हवं, म्हणून सकाळी कागद घेतला. वहिनी अजून ओळीखाली बोट ठेवून वाचते, तेव्हा अक्षर मोठं काढलं. तिला पाठवलेलं पत्र हे असं.

वहिनी,

मी खुशाल आहे, तिकडची खुशाली तू फोनवर सांगितलीसच, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. हे पत्र आधी तू वाच, मग दादाला वाचून दाखव, आणि शेतासाठी जे कोणी येतील त्यांनाही दाखव. जोरात वाच. तुला कोणी हसणार नाही.

मी सही करणार नाही. आज नाही, भाव वाढवला तरी नाही, माझ्या वरिष्ठांकडून सांगवलं तरी नाही. आपल्या शेतातून खदानीचा रस्ता जाणार नाही.

दादाला म्हणावं, तुझ्या गुडघ्यांचं आपण बघू. मी सुट्टीत येतो आणि तुला पेणला चांगल्या डॉक्टरकडे नेतो. त्यासाठी शेत द्यायला नको. तू मला शिकवलंस, तेवढं मला करू दे.

आणि वहिनी, माझा जो वाटा आहे तो मी तुझ्या नावावर करतो आहे. वकिलाशी आज सकाळीच फोनवर बोललो, तो कागद तयार करतो आहे. तू विचारलंस, माझं नाव कुठं आहे. आता ते सातबाऱ्यावर येईल. तिथे सही तुलाच करायची आहे, अंगठा नको. तुला येते.

पेणला मला शाल दिली. ती मी तुला पाठवत नाही, कारण ती ज्या कारणासाठी दिली ते खोटं होतं. तुझ्यासाठी दुसरी आणतो.

थंडीत येतोय. पोपटी लाव. शेंगा वरच्या शेतातल्या घे, जशा असतील तशा, आणि धुवू नकोस. मी पाहुणा नाही.

तुझा धाकटा दीर